झाकणावरचं चिकूचं पान

नविनभाईंचा देवावर विश्वास आहे, पुजाऱ्यावर नाही. जत्रेला गेले की नारळ ते स्वतःच फोडतात. आत दिलेला नारळ आणि बाहेर आलेली वाटी एकाच नारळाची हे कशावरून, असं विचारतात, आणि ते गमतीने विचारत नाहीत. गंमत हा प्रकारच त्यांना संशयास्पद वाटतो. कुणी हसलं की ते आधी स्वतःच्या शर्टाची बटणं तपासतात.

मी संगिता. तलासरीत हायवेला लागून एका शिक्षण संस्थेचं ऑफिस आहे, तिथे मी पगाराची कामं बघते. नविनभाई आमचे हेडक्लार्क, त्यांचं टेबल माझ्या समोर. इतकी वर्षं समोरासमोर बसून जेवतोय, तरी माझ्या डब्यातली भाजी घेण्याआधी ते मला एक घास खायला लावतात. सुरुवातीला मला राग यायचा. अजूनही येतो, पण आता मी मोठा घास घेते.

त्यांचं घर आशागडला. घरामागे वडिलांनी लावलेली चिकूची वाडी आहे, म्हणजे उरलेली अर्धी. वडिलांनी चुलतभावाने पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही केली आणि अर्धी वाडी गेली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. नविनभाई पाणीही फुंकून पितात. रोज सकाळी ते झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, चिकू उतरवतात, खोक्यांत भरतात आणि मग मोटारसायकलवरून चारोटी नाक्यामार्गे तलासरीला येतात. चिकू तोडला की देठातून पांढरा चीक येतो, बोटांना चिकटून बसतो. त्यामुळे त्यांचा रुमाल बारा महिने डागाळलेला आणि पापडासारखा कडक. खोकी न्यायला टेम्पो येतो संध्याकाळी, ते घरी परतल्यावर. तोवर कुणी हात लावू नये म्हणून प्रत्येक खोक्यावर ते चिकूचं एक पान उलटं ठेवून येतात. परतल्यावर पान सरकलेलं दिसलं की घरात चौकशी बसते. वारा नावाची गोष्ट त्यांना मान्य नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर ऑफिसात मोठं मशीन आलं. कॉपी, प्रिंट, स्कॅन, सगळं एकातच. वरच्या फीडरमध्ये कागदांची चळत ठेवायची, मशीन एकेक कागद आपणच आत ओढून घेतं, दोन्ही बाजू छापतं, गठ्ठे लावून देतं, आणि मिनिटाला पस्तीस प्रती टाकतं, असं अध्यक्षांनी हार घालताना सांगितलं. नविनभाईंनी तिथेच घड्याळ लावून बघितलं. पस्तीस भरल्या.

"आज भरल्या," ते म्हणाले.

मशीन आणायला लावलं होतं त्यांनीच. आमच्या शाळा पाड्यापाड्यांवर विखुरलेल्या, छोट्या. परीक्षेचे पेपर आधी बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात जायचे, आणि तिथून ते फुटतात असा नविनभाईंचा ठाम संशय होता. एकही पेपर कधी फुटलेला सापडला नव्हता. त्यांच्या मते हाच पुरावा, कारण फोडणारे हुशार असतात.

मशीनवर निर्मलाला बसवलं. निर्मला झरीची. बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, नोकरी कंत्राटी, दर मार्चला मुदत वाढवायची. घरी आई सुकी आणि वारलेल्या बहिणीची मुलगी हर्षदा. हर्षदा आमच्याच शाळेत दहावीत. निर्मला बोलायची कमी, हात मात्र चपळ. काम करताना ओठातल्या ओठात काहीतरी गुणगुणायची, आणि ती काय गुणगुणते हे नविनभाईंनी मला दोनदा विचारून झालं होतं.

मशीन आलं त्याच आठवड्यात आशागडची रीत ऑफिसात आली. संध्याकाळी सगळे निघाले की नविनभाई मशीनच्या झाकणावर चिकूचं पान उलटं ठेवायचे. किल्ली त्यांच्याकडेच, त्यामुळे सकाळी पहिले तेच येणार. पान बघायचे, झाकण उघडून आत कुणाचा कागद राहिलाय का पाहायचे, मग काचेवर हाss करून खिशातल्या रुमालाने काच पुसायचे. मोठी काच पुसायचे, तिच्या डावीकडची अरुंद पट्टीसुद्धा पुसायचे.

"पुसलेल्या काचेवर बोट उठून दिसतं," ते मला म्हणाले. "मग कोणी हात लावला ते कळतं. समजलं ने?"

आणि निर्मलाला ताकीद दिली, की कागद ठेवायचा तेवढा ठेव, काचेला बोट लावायचं नाही. पुसायचीसुद्धा नाही.

दिवाळीनंतर प्रतींवर रेघ यायला लागली. वरपासून खालपर्यंत बारीक काळी रेघ, प्रत्येक प्रतीवर त्याच जागी. निबंधाच्या पेपरात ती चालून गेली असती, पण गणिताच्या पेपरात तिने तीनाचा आठ केला. निर्मलाने प्रत नेऊन नविनभाईंना दाखवली.

"फीडरमधून काढलं की येते भाई. काचेवर एकेक कागद ठेवून काढलं की नाय येत."

"कशामुळे?"

"मला काय माहीत. इंजिनियरला बोलवा."

"बघू," नविनभाई म्हणाले, आणि ती प्रत त्यांनी खणात ठेवून खणाला कुलूप लावलं.

पेपर तर द्यायचे होते. निर्मला झाकण उघडायची, एक कागद काचेवर ठेवायची, झाकण लावायची, बटण दाबायची, परत झाकण उघडायची. पाठची बाजूही तशीच, हाताने. आमच्या शाळांचं काम म्हणजे पेपर पुष्कळ आणि प्रत्येकाच्या प्रती थोड्या. सगळा वेळ त्या उघडझाकीतच जायचा. गठ्ठे ती खाली सतरंजीवर बसून लावायची. पस्तीस प्रती टाकणारं मशीन बैलगाडीच्या चालीने चालायला लागलं. शाळांतून फोन यायला लागले, की पेपर कधी मिळणार. अध्यक्षांनी एक दिवस सगळ्यांसमोर विचारलं, एवढं मोठं मशीन आणलंत ते झाकण उघडायला का?

नविनभाईंच्या डोक्यात तेव्हा किडा शिरला. दुपारी ते माझ्या टेबलाशी वाकून हळूच म्हणाले, "संगिताबेन, झाकण दर वेळेला उघडायचं म्हणजे कागद दर वेळेला हातात येतो. बरोबर ने?"

"मग?"

"हातात आलेल्या कागदाची एक प्रत जास्त काढली तर कोणाला कळतं?"

"ती रेघेमुळे उघडतेय नविनभाई."

"रेघ आली की उघडायला मिळतं," ते म्हणाले. "मग रेघ कोणाच्या कामाची?"

मी कपाळावर हात मारून घेतला. ह्या माणसाला उत्तर द्यायचं म्हणजे त्याच्या विहिरीत आपण बादली सोडण्यासारखं आहे, पाणी त्याचंच वर येतं.

इंजिनियर आला एका दुपारी. दीपेश, वापीहून यायचा. त्याने रिवाजाप्रमाणे बाटलीतलं पाणी फडक्यावर घेऊन सगळ्या काचा पुसल्या, फीडरमध्ये कागद ठेवले, आणि स्वच्छ, बिनरेघेच्या प्रती धडाधड बाहेर पडल्या.

"मशीन ओके आहे," तो म्हणाला. "बाई फीडर वापरत नाही, तर स्पीड कुठून येणार?"

निर्मला म्हणाली, "सकाळी येते रेघ."

"आता तर नाही ना?"

त्या संध्याकाळपर्यंत मशीन अगदी झकास चाललं. दुसऱ्या सकाळी निर्मला आली, फीडरमध्ये कागद ठेवले, आणि रेघ हजर. नविनभाईंनी ती प्रत उजेडात धरून माझ्याकडे बघितलं. इंजिनियर होता तेव्हा रेघ नव्हती, तो गेला आणि हिला लगेच सापडली.

"चोराच्या मनात चांदणं," ते म्हणाले. हळू म्हणाले, पण निर्मलाला ऐकू गेलं. तिचं गुणगुणणं त्या दिवशी थांबलं.

मग पूर्वपरीक्षेचा निकाल लागला आणि गणितात हर्षदा सगळ्या शाळांत पहिली आली.

"ही पोरगी मार्क आणते कुठून?" नविनभाईंनी विचारलं.

"अभ्यासातून," मी म्हटलं. "दुसरीकडून आणता येतात हे मला तरी माहीत नाही."

पण त्यांनी अध्यक्षांच्या कानाला लागून हर्षदाचा निकाल राखून ठेवायला लावला. फळ्यावर सगळ्या मुलांचे मार्क लागले, हिच्या नावापुढे मोकळी जागा. मास्तरांकडून नवा पेपर हाताने लिहून घेतला आणि तिला ऑफिसात आणून एकटीला बसवलं. नविनभाई समोर खुर्ची टाकून बसले. पोरगी मान खाली घालून लिहीत राहिली. मध्ये एकदा तिची फूटपट्टी खाली पडली, ती उचलायचीसुद्धा तिने परवानगी मागितली. मला तेव्हा उठून त्या खुर्चीला लाथ मारावीशी वाटली. मार्क जवळजवळ तेवढेच पडले.

"झालं समाधान?" मी विचारलं.

"म्हणजे मास्तरपण सामील आहे," नविनभाई म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी निर्मलाला सांगण्यात आलं, की चौकशी होईपर्यंत येऊ नकोस. मार्च तोंडावर होता. मुदत वाढणार नाही हे तिलाही कळलं, मलाही. ती मशीनजवळची आपली पाण्याची बाटली उचलून नविनभाईंच्या टेबलाशी आली.

"भाई, मी एक कागदपण नेला नाय. माझं राहू द्या. पोरीचे मार्क तरी पोरीला द्या. ती दोन दिवस शाळेत गेली नाय. तिला पोरं विचारतात, मावशीने पेपर किती वाजता आणला."

"चौकशी होऊ दे," नविनभाई खाली बघून म्हणाले. "कर नाही त्याला डर कशाला?"

"डर नाय भाई. लाज वाटते," निर्मला म्हणाली आणि जिना उतरली.

मशीन माझ्या गळ्यात पडलं. पहिल्याच सकाळी मी फीडरमध्ये कागद ठेवले, आणि काळी रेघ बाहेर आली. मला इतका आनंद कधी कुठल्या बिघाडाचा झाला नव्हता. प्रत फडकावत मी नविनभाईंकडे गेले. "ही बघा. आता बोला."

त्यांनी रेघ बघितली. मग मला बघितलं, वरपासून खालपर्यंत, रेघेसारखंच.

"निर्मला तुमची मैत्रीण आहे ने?" ते म्हणाले.

त्यानंतर मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आवाज खाली चहाच्या टपरीपर्यंत गेला असं टपरीवाला म्हणतो. शेवट असा झाला की अध्यक्ष बाहेर आले आणि दीपेशला परत बोलवायचं ठरलं.

या वेळी तो सकाळी आला. त्याने फीडरमधून प्रत काढली, रेघ बघितली, झाकण उघडलं आणि डावीकडच्या अरुंद पट्टीवर नखाने टोकरलं. "इथे काहीतरी चिकटलंय. मोठ्या काचेवर ठिपका असला तर प्रतीवर ठिपकाच येतो. पण फीडरचा कागद या पट्टीवरून सरकत जातो, म्हणून इथल्या ठिपक्याची रेघ होते." त्याने पट्टी पुसली, प्रत काढली. स्वच्छ.

"म्हणजे कुणीतरी रोज लावतं," नविनभाई अध्यक्षांना म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. "मी तेच सांगतोय."

"रोज साफ करता ना पण?" दीपेशने विचारलं.

"कोणावर सोडतो का मी? रोज सकाळी मी स्वतः करतो. हे असं," म्हणून नविनभाईंनी खिशातला रुमाल काढला, झाकण उघडलं, हाss केलं, आणि मोठी काच आणि ती पट्टी, दोन्ही नीट, टोकापासून टोकापर्यंत पुसून दाखवली. "बघा. आरसा."

दीपेशने सवयीने फीडरमध्ये कागद ठेवून बटण दाबलं. प्रत बाहेर आली. वरपासून खालपर्यंत रेघ.

दीपेशने हात पुढे केला आणि नविनभाईंनी त्याच्या हातात रुमाल दिला. त्याने तो दोन बोटांत धरला तर बोटं चिकटली.

"हे काय आहे?"

"चीक," मीच सांगितलं. "चिकूचा. आज सकाळचा असेल."

काखेत कळसा म्हणतात तो इथे खिशात होता. हसू यायला हवं होतं, पण मला आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर फूटपट्टी उचलायला परवानगी मागणारी ती पोरगी होती.

नविनभाई खुर्चीत बसले. पहिलं वाक्य ते असं बोलले: "हिने रुमाल नीट धुतला नसेल."

"नविनभाई," मी म्हटलं, "आता बायकोला तरी सोडा."

त्यांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. दुपारी उठले, शाळेत जाऊन फळ्यावर हर्षदाच्या नावापुढच्या मोकळ्या जागेत तिचे मार्क स्वतःच्या हाताने लिहून आले. मग माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"संगिताबेन, झरीला याल? मी एकटा गेलो तर ती लोकं मला दारात उभं करणार नाहीत."

"करू पण नये," मी म्हटलं. पण गेले.

झरीला निर्मलाच्या अंगणात तिची आई सुकी वालाच्या शेंगा सोलत बसली होती. आम्हाला बघून तिने सूप बाजूला केलं नाही. निर्मला आतून आली, पाण्याचा तांब्या ठेवला, आणि दाराला टेकून उभी राहिली. नविनभाईंनी तांब्या उचलला आणि घटाघट पाणी प्यायले. फुंकलं नाही, बघितलं नाही. मी हे पहिल्यांदा बघत होते.

"रुमाल माझा होता," ते म्हणाले, आणि सगळं सांगितलं. वाडी, चीक, काच, पट्टी. काही लपवलं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगेन.

सुकी शेंगा सोलतच म्हणाली, "चोर म्हनला तुमी पोरीला. आख्ख्या पाड्यात झालं. आता ते पाड्यातून कोन काढील?"

कुंपणापाशी चार माणसं जमली होती. मोटारसायकल आली की झरीत माणसं जमतातच. नविनभाई उठले, कुंपणाकडे तोंड करून उभे राहिले, आणि तेच सगळं पुन्हा एकदा, मोठ्याने बोलले. हर्षदा आतल्या अंधारात होती. ऐकत होती की नव्हती, कळलं नाही.

"सोमवारपासून ये," नविनभाई निर्मलाला म्हणाले. "मुदतीचं मी अध्यक्षांकडून करून घेतलंय."

"येते," निर्मला म्हणाली. घरात तिघी होत्या आणि कमावणारी ती एकटी, दुसरं काय म्हणणार.

सोमवारी ती आली. झाकणावर पान नव्हतं. तिने पेपरांची चळत हातात घेतली आणि मशीनशी नुसती उभी राहिली.

"भाई, कागद ठेवायचेत. या."

"ठेव ने. मला कशाला बोलवते?"

"तुम्ही बघा. मग ठेवते."

नविनभाई उठून गेले. तिने त्यांच्यासमोर कागद फीडरमध्ये ठेवले, बटण दाबलं, मशीनने सरसर प्रती टाकल्या, एकीवरही रेघ नाही. तिने गठ्ठा त्यांच्यासमोर मोजला, मूळ कागद त्यांच्या हातात दिले. मग पुढचा पेपर घेतला आणि परत म्हणाली, "भाई, या."

आम्हाला वाटलं आठवडाभर चालेल. एप्रिल गेला, निकाल लागला, हर्षदा बोर्डातही गणितात शाळेत पहिली आली, जूनमध्ये नवी मुलं आली, तरी ते चालूच आहे. नविनभाईंचे गुडघे दुखतात. ते फोनवर असले तर ती थांबते. जेवत असले तर थांबते. मशीन मिनिटाला पस्तीस प्रती टाकायला तयार असतं, आणि नविनभाई खुर्चीतून उठेपर्यंत तेही थांबून राहतं. अध्यक्षांनी एकदा तिला समजावून बघितलं. तिने ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुढचा कागद घेऊन म्हणाली, "भाई, या."

गेल्या आठवड्यात नविनभाई मशीनशी उभे होते. आताशा ते रुमाल ठेवत नाहीत, घाम बाहीला पुसतात. त्यांनी तिचा हात फीडरवरच थांबवला, आणि इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं ते बोलले.

"निर्मला, बास कर आता. माझा विश्वास आहे तुझ्यावर."

निर्मलाने त्यांच्याकडे बघितलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"तुमचा असेल भाई," ती म्हणाली. "माझा नाय."

आणि तिने बटण दाबलं. शेवटचा कागद बाहेर पडेपर्यंत नविनभाई तिथेच उभे होते.